लेटरहेडवर मजकूर चढतो, दुसरं पान बिघडतं, पत्र परत येतं : दुरुस्ती कुठून सुरू करायची

"ताई, पुन्हा वर चढायलंय बगा."

लातूरला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. हे वाक्य आठवड्यातून तीन-चार वेळा तरी कानावर पडतं. येणाऱ्याच्या हातात पेन ड्राइव्ह असतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली चार-पाच लेटरहेड. कधी डाळ मिलचे मुनीम असतात, कधी शाळेचे क्लार्क, कधी शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, कधी रस्त्याची कामं घेणारे ठेकेदार. तक्रार एकच. ऑफिसातल्या प्रिंटरवर पत्र काढलं तर 'प्रति' हा शब्द नेमका छापील पत्त्याच्या रेघेवर बसला. म्हणून वर चार एंटर वाढवले, तर खालची सही दुसऱ्या पानावर गेली. दोन एंटर कमी केले, तर पुन्हा वर चढलं. तोवर चांगल्या कागदाची सहा लेटरहेड रद्दीत गेलेली असतात.

ही अडचण प्रिंटरची नाही. तरी प्रत्येक जण आधी प्रिंटरलाच दोष देतो. दोष त्या एंटरमध्ये आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

एंटर मारून सोडलेली जागा टिकत नाही

छापील लेटरहेडवर वर किती जागा सोडायची हे बहुतेक जण अंदाजाने ठरवतात. नऊ एंटर, दहा एंटर. पण एका रिकाम्या ओळीची उंची म्हणजे काही सेंटिमीटर नव्हेत. ती उंची फॉन्टवर, अक्षराच्या आकारावर आणि ओळींमधल्या अंतरावर ठरते. मंगल फॉन्टची ओळ जास्त जागा खाते, इंग्रजी टाइम्स न्यू रोमनची कमी. घरच्या संगणकावर जो फॉन्ट होता तो ऑफिसच्या संगणकावर नसला, की वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावून टाकतो. दहा ओळींची उंची तिथेच बदलते आणि सगळं पत्र वर किंवा खाली सरकतं.

मराठीत आणखी एक गाठ आहे. वर्डमध्ये देवनागरी अक्षरांचा फॉन्ट आणि आकार 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' या वेगळ्या खान्यात ठेवलेला असतो. स्टाइलमध्ये आपण आकार १२ केला तरी तो कधीकधी फक्त इंग्रजीलाच लागतो, मराठी ११ वरच राहते. एकाच पत्रातला जीएसटी नंबर मोठा आणि मराठी ओळ बारीक दिसते, ती यामुळे. मजकूर निवडून कंट्रोल आणि डी दाबा. जी खिडकी उघडते तिच्यात दोन्ही खाने दिसतात. दोन्हीकडे तोच आकार ठेवा.

आता दुरुस्ती. फूटपट्टी घ्या. कोरं लेटरहेड टेबलावर सपाट ठेवा. कागदाच्या वरच्या कडेपासून छापलेल्या शेवटच्या गोष्टीपर्यंत मोजा. ती पत्त्याची ओळ असेल, रेघ असेल किंवा लोगोचं खालचं टोक असेल. समजा साडेचार सेंटिमीटर भरले. त्यात एक सेंटिमीटर मोकळी हवा मिळवा, म्हणजे साडेपाच. खालच्या बाजूला शाखांचे पत्ते किंवा रंगीत पट्टी असेल तर तीही खालच्या कडेपासून मोजा आणि तिच्यातही एक सेंटिमीटर मिळवा. मग लेआउट, मार्जिन्स, कस्टम मार्जिन्स इथे जाऊन वर ५.५ आणि खाली तुमचं जे माप आलं ते टाका. आकडे इंचात दिसत असतील तर आकड्यापुढे 'cm' अशी इंग्रजी अक्षरं लिहून टाका, वर्डला समजतं. मग मजकुराच्या वरचे सगळे एंटर खोडून टाका. एकही ठेवू नका.

डावीकडे सव्वा इंच, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या पुढे जागा असू द्या. आपलं पत्र शेवटी कुणाच्या तरी फाइलीत पंच करून टॅगला लागणार असतं. डाव्या कडेला चिकटून टाइप केलेल्या पत्रात प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर भोकात जातं. एका ठेकेदाराच्या पत्रात रकमेचा पहिला आकडाच भोकात गेलेला मी पाहिलाय.

माप टाकल्यावर लगेच लेटरहेडवर छापू नका. साध्या कागदावर एक प्रिंट काढा, ती लेटरहेडच्या वर ठेवा आणि दोन्ही कागद धरून खिडकीच्या उजेडासमोर उभे राहा. खालचं छापील नाव आणि वरचा मजकूर एकाच वेळी आरपार दिसतो. कुठे भिडतंय ते तिथल्या तिथे कळतं, आणि खर्च एका साध्या कागदाचा.

पहिलं पान जमलं, दुसऱ्या पानावर वर मोकळं मैदान

वरचं माप ५.५ केलं की ते सगळ्या पानांना लागतं. दुसरं पान मात्र साध्या कागदावर काढायचं असतं, कारण लेटरहेड फक्त पहिल्या पानाला वापरतात. मग साध्या पानावर वर चार बोटं जागा रिकामी राहते आणि पत्र उगाच तिसऱ्या पानावर जातं. यावर लोक पुन्हा एंटर आणि पेज ब्रेकचे खेळ करतात. त्यापेक्षा पुढची युक्ती एकदा शिकून घ्या. माझ्या दुकानातली सगळी दोन पानी पत्रं अशीच निघतात.

सगळ्या पानांचं वरचं मार्जिन साधं, म्हणजे अडीच सेंटिमीटर ठेवा. मग इन्सर्टमधून हेडर उघडा आणि 'डिफरंट फर्स्ट पेज' या चौकटीत खूण करा. आता पहिल्या पानाचं हेडर वेगळं झालं. त्या पहिल्या हेडरमध्ये एका खान्याचा टेबल घाला. त्याच्या कडा काढून टाका म्हणजे तो दिसणार नाही. टेबल प्रॉपर्टीजमध्ये 'रो'ची, म्हणजे टेबलाच्या ओळीची, उंची ४ सेंटिमीटर करा आणि शेजारी 'एक्झॅक्टली' निवडा. हेडर वरून साधारण सव्वा सेंटिमीटरवर सुरू होतं, त्यात हे चार आणि टेबलाखालची एक लहान ओळ मिळाली की पहिल्या पानाचा मजकूर पावणेसहाच्या आसपास सुरू होतो. हेडर मार्जिनपेक्षा मोठं झालं की वर्ड मजकूर आपोआप खाली ढकलतो, आणि तेही फक्त त्याच पानावर. दुसरं पान अडीच सेंटिमीटरवरच राहतं. तुमच्या लेटरहेडच्या मापाप्रमाणे चारचा आकडा कमीजास्त करा.

दुसऱ्या पानाच्या हेडरमध्ये एक बारीक ओळ घाला : कुणाला पत्र आहे, जावक क्रमांक, दिनांक आणि पान २. फाइल सुटली, वाऱ्याने कागद उडाले, तरी ते पान कोणत्या पत्राचं आहे ते कळतं. लिब्रे ऑफिस वापरणाऱ्यांना हे आणखी सोपं आहे. तिथे 'फर्स्ट पेज' नावाची पानाची स्टाइल तयारच असते. ती पहिल्या पानाला लावा आणि तिचं वरचं मार्जिन बदला, पुढची पानं आपसूक साध्या स्टाइलवर जातात.

शेवटच्या पानावर नुसतं 'आपला विश्वासू' आणि सही एवढंच उरत असेल तर ते पत्र मी हातातून सोडत नाही. सही असलेलं पण मजकूर नसलेलं पान दुसऱ्या कुठल्याही पत्राला जोडता येतं. शेवटच्या परिच्छेदावर आणि 'आपला विश्वासू'च्या ओळींवर 'कीप विथ नेक्स्ट' लावा, म्हणजे किमान दोन-तीन ओळी सहीबरोबर त्या पानावर येतील. याच कारणासाठी कोऱ्या लेटरहेडवर सही करून ठेवायची पद्धत ताबडतोब बंद करा. "साहेब पुण्याला जायलेत, म्हणून चार कागदांवर सह्या घेऊन ठेवल्या" असं कुणी सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्या चार कागदांवर उद्या काय टाइप होईल हे कुणाच्याच हातात राहत नाही.

माप बरोबर, तरी दर वेळी थोडं सरकतंच

इथे मात्र प्रिंटरकडे बघायचं. पीडीएफ छापताना खिडकीत 'फिट' निवडलेलं असतं, ते 'ॲक्चुअल साइज' करा. मग प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा आकार पाहा. आपण वापरतो तो ए-४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. पण बरेच प्रिंटर आणि वर्ड अमेरिकन 'लेटर' आकारावर येतात, तो २१६ बाय २७९ मिलिमीटरचा. लेटरहेड शब्दातही लेटर आहे म्हणून हाच बरोबर आकार असं समजून लोक तोच निवडतात. ए-४ चं पत्र त्या आकारात बसवायला प्रिंटर सगळं साधारण सहा टक्क्यांनी लहान करतो. तुमची साडेपाच सेंटिमीटरची जागा सव्वापाचच्याही आत येते आणि 'प्रति' पुन्हा रेघेला भिडतो. वर्ड आणि प्रिंटर या दोन्ही ठिकाणी ए-४ करा, एका ठिकाणी करून भागत नाही.

लेटरहेड उलटं लागून नाव पायाशी छापलं जाणं, किंवा मजकूर मागच्या कोऱ्या बाजूला जाणं, हेही रोजचंच. एका साध्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने फुली मारा, तो ट्रेमध्ये घाला, एक प्रिंट काढा. फुली कुठे आली ते बघून लेटरहेड कसं ठेवायचं ते ठरवा आणि तसं चित्र काढून ट्रेच्या झाकणाला चिकटवा. दोन्ही बाजूंनी छापायचा पर्याय बंद असल्याची खात्री करा. नाहीतर दुसरं पान लेटरहेडच्या पाठीवर छापलं जातं.

शाईबद्दल थोडं. लेझर प्रिंटर कागदावर भुकटी ओततो आणि ती सुमारे २०० अंशांच्या उष्णतेने वितळवून चिकटवतो. बोटाला फुगीर लागणारी उठावाची छपाई या उष्णतेत मऊ होते आणि रोलरला लागते. मग पुढच्या कागदावर तुमच्या लोगोची पुसट सावली उमटते. असं लेटरहेड असेल तर ते इंकजेटवर छापा, किंवा पुढच्या वेळी साधी ऑफसेट छपाई करून घ्या. ऑफसेटची शाईही नीट वाळू द्या. प्रेसमधून गठ्ठा आणला आणि त्याच दुपारी लेझरला लावला, असं करू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कागद एकमेकांना चिकटतात आणि दोन-दोन ओढले जातात. गठ्ठा ट्रेमध्ये घालण्याआधी हाताने पत्त्यांसारखा पिसून घ्या. पावसाळ्यात तो पुडक्यातच बंद ठेवा.

अक्षरांचं कडबोळं

पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची, कंसांची, टिंबांची गर्दी दिसली, तर फाइल बिघडलेली नाही. ते पत्र श्रीलिपी, कृतीदेव किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकाला फक्त खालचं इंग्रजी अक्षर दिसतं. मजकूर परिवर्तकातून, म्हणजे फॉन्ट कन्व्हर्टरमधून, युनिकोड या सगळ्या संगणकांना समजणाऱ्या पद्धतीत आणा आणि मग तो ओळीनं ओळ वाचा, कारण परिवर्तन करताना रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. 'वर्ष'चं 'वष' झालेलं, 'कार्यालय'चं 'कायालय' झालेलं पत्र सही होऊन गेलेलं मी पाहिलंय. यापुढचं नवं पत्र युनिकोडमध्येच टाइप करा, आणि बाहेर पाठवायचं तर पीडीएफ करूनच पाठवा.

ईमेलने पाठवायच्या लेटरहेडची गोष्ट वेगळी. छापील लेटरहेडचा मोबाइलने फोटो काढायचा, तो व्हॉट्सॲपवरून घ्यायचा आणि वर्डमध्ये वर चिकटवायचा, ही पद्धत सगळीकडे बोकाळलीय. फोटोची पाठभूमी करडी येते, व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, नोंदणी क्रमांक वाचता येत नाही. ज्या प्रेसमधून छापून घेतलं तिथे मूळ फाइल असतेच. त्यांच्याकडून पीडीएफ मागून घ्या. व्हॉट्सॲपवरच घ्यायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. ईमेलसाठीची लेटरहेड फाइल आणि छापील कागदासाठीची फाइल अशा दोन वेगळ्या ठेवा आणि नावंही वेगळी द्या. एकच फाइल ठेवली की छापील लेटरहेडवर पुन्हा लेटरहेड छापलं जातं, नावावर नाव, लोगोवर लोगो.

जुन्या पत्रावर नवं पत्र

मागच्या महिन्याचं पत्र उघडायचं, त्यातला मजकूर खोडून नवा लिहायचा, सेव्ह करायचं. घाई असते, मान्य. पण यात जुना जावक क्रमांक राहतो, जुना संदर्भ राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे मागचं पत्र कायमचं पुसलं जातं. चौकशी आली की स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडे ठेवायची प्रत, कुठेच नाही.

मार्जिन, हेडर, 'प्रति', 'विषय', 'संदर्भ' एवढंच असलेली एक फाइल तयार करा आणि सेव्ह ॲज करताना 'वर्ड टेम्प्लेट' हा प्रकार निवडा. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की दर वेळी नवी कोरी प्रत उघडते, मूळ साचा जागेवर राहतो. इथे एक सापळा आहे. दिनांक घालताना 'अपडेट ऑटोमॅटिकली'ची खूण असेल तर ती काढा. नाहीतर जूनमध्ये पाठवलेलं पत्र ऑक्टोबरमध्ये उघडलं की त्यावर ऑक्टोबरची तारीख दिसते. देयकाच्या मुदतीवरून वाद चाललेला असताना एका ग्राहकाने असंच पत्र संगणकावरून पुन्हा काढून दिलं. समोरच्यांनी आपल्या आवक शिक्क्याची प्रत दाखवली आणि तो खोटा पडला, चूक काही नसताना.

सगळं देखणं, तरी पत्र परत

आता ज्या गोष्टीसाठी माणसं खरोखर हेलपाटे घालतात ती. पत्र सुबक छापलेलं असतं, लेटरहेड चकचकीत असतं, आणि टेबलावरचा माणूस ते परत करतो.

माझ्या एका डाळ मिलवाल्या ग्राहकाला वीजभार वाढवून हवा होता. लेटरहेडवर पत्ता गंजगोलाईतल्या जुन्या दुकानाचा, मिल एमआयडीसीत. विषयात नुसतं 'वीजभार वाढवून मिळणेबाबत'. ग्राहक क्रमांक कुठेच नाही. त्यांनी तीन चकरा मारल्या. पहिल्या वेळी सांगितलं पत्ता जुळत नाही, दुसऱ्या वेळी क्रमांक लिहा, तिसऱ्या वेळी सोबत काय जोडलंय ते लिहा. एकदाच सगळं सांगायला हवं होतं हे खरं, पण पत्रात ते आधीच असतं तर कुणाला विचारायची गरजच पडली नसती. चौथ्या पत्रात आम्ही एवढंच बदललं : विषयाच्या ओळीत ग्राहक क्रमांक आणि मिलचा प्लॉट क्रमांक, पहिल्याच वाक्यात सध्याचा भार आणि हवा असलेला भार, खाली 'सोबत' म्हणून जोडलेल्या कागदांची नावं. ते पत्र आवकमध्ये लागलं.

विषयाची ओळ ही पत्राची मान आहे. आवक लिपिक नोंदवहीत तेवढीच ओळ उतरवतो आणि पत्र कोणत्या टेबलावर जायचं ते त्यावरूनच ठरतं. 'देयकाबाबत' असं लिहिलं तर ते कुठेही जाईल. असं लिहा :

विषय : औसा तालुक्यातील रस्ता दुरुस्ती कामाचे दुसरे चालू देयक मिळणेबाबत.
संदर्भ : १) आपला कार्यारंभ आदेश क्र. व दिनांक. २) आमचे पत्र जा.क्र. व दिनांक.

संदर्भात क्रमांक आणि दिनांक दोन्ही हवेत. 'आपले पत्र' किंवा 'दूरध्वनीवरील चर्चा' एवढ्याने कुणाला काही सापडत नाही. चर्चा झाली असेल तर ती कोणत्या तारखेला, कोणत्या पदावरच्या व्यक्तीशी झाली ते लिहा.

'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' ही सुरुवात मोडायचा हट्ट मी धरत नाही. ती वाचणाऱ्याच्या सवयीची आहे. पण तिच्या पुढच्याच वाक्यात मागणी आली पाहिजे. काय हवंय, किती हवंय, कशाच्या आधारावर हवंय. अर्धं पान आपल्या संस्थेचा इतिहास आणि मागणी दुसऱ्या पानाच्या तळाशी, असं पत्र पूर्ण वाचलं जात नाही. एका पत्रात एकच मागणी ठेवा. दोन विभागांच्या दोन मागण्या एका कागदावर घातल्या तर पत्र पहिल्या टेबलावर पोहोचतं आणि दुसरी मागणी तिथेच विसरली जाते.

'प्रति'मध्ये आधी पदनाम, मग कार्यालय, मग गाव. अधिकारी बदलतात, पद राहतं. अधिकारी बाई असतील तर 'महोदया' लिहा. साच्यात 'महोदय' आहे म्हणून तसंच पाठवणं बरं दिसत नाही. पत्त्यातला पिनकोड आकडा आकडा तपासा. आपल्या लातूरचा ४१३ ने सुरू होतो आणि छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडचा ४३१ ने. तेच तीन आकडे असल्यामुळे अदलाबदल होते आणि पाकीट भलतीकडे फिरून येतं. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबादची अधिकृत नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, तरी अजून बऱ्याच साच्यांमध्ये जुनीच नावं आहेत. पत्ता नव्या नावाने लिहा. मात्र एखाद्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या नोंदणीकृत नावातच 'औरंगाबाद' असेल तर ते आपल्या मनाने बदलू नका. ते नोंदणी बदलल्याशिवाय बदलत नाही.

शेवटी 'करिता' कोण ते स्पष्ट हवं. भागीदारी पेढी असेल तर पेढीचं नाव, त्यापुढे करिता, खाली सही, सहीखाली पूर्ण नाव आणि 'भागीदार'. संस्थेचं असेल तर अध्यक्ष की सचिव, ज्याला ठरावाने अधिकार दिलाय त्याचीच सही. शिक्का सहीच्या शेजारी मारा, सहीवर नको. शिक्क्याखाली सही दबली की झेरॉक्समध्ये दोन्ही काळे होतात. आणि पत्र देताना दुसरी प्रत न्याच. तिच्यावर आवकचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. त्या पोहोचेशिवाय पत्र दिलं असं म्हणता येत नाही.

लेटरहेडवर नेमकं काय छापलेलं हवं

आपल्या भागात गेल्या काही वर्षांत शेतकरी उत्पादक कंपन्या खूप झाल्या. संचालक शेतकरी, कामाचे आणि प्रामाणिक. पण बऱ्याच लेटरहेडवर बैलजोडी असते, उगवता सूर्य असतो, सगळ्या संचालकांची नावं असतात, फक्त सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, नसतो. उत्पादक कंपनी हीसुद्धा कंपनीच. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ प्रमाणे कंपनीच्या व्यावसायिक पत्रांवर, बिलांवर, लेटरहेडवर आणि नोटिसांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, २१ अक्षर-अंकांचा सीआयएन आणि दूरध्वनी क्रमांक छापलेला असला पाहिजे. फॅक्स, ईमेल, वेबसाइट असतील तर तेही. चूक राहिली तर कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना दिवसाला १,००० रुपये दंड आहे, जास्तीत जास्त १ लाख; उत्पादक कंपनीला मात्र याच्या निम्म्यापेक्षा जास्त नाही. गेल्या दोन वर्षांत कंपनीचं नाव बदललं असेल तर नव्या नावाबरोबर जुनंही छापावं लागतं. पुन्हा छपाई करेपर्यंत निदान सीआयएनचा रबरी शिक्का करून घ्या आणि प्रत्येक कागदावर मारा.

एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी, असेल तर नाव, नोंदणीकृत पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित दायित्वाने नोंदलेली असल्याचा उल्लेख हवा. शाळा चालवणाऱ्या संस्थांना बहुधा दोन क्रमांक असतात, एक सोसायटी नोंदणीचा आणि एक सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा. दोन्ही छापा. एकट्या मालकाच्या दुकानाला सीआयएन नसतो, तिथे नाव, पत्ता, फोन आणि जीएसटी क्रमांक पुरतो. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन. पॅन कार्ड शेजारी ठेवून जुळवा. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत इथेच पकडली जाते.

एक गोष्ट मी छापून देत नाही, कितीही ओळखीचा माणूस आला तरी. चार सिंहांची राजमुद्रा. खाजगी संघटना, स्वतःला मानवाधिकारवाले म्हणवणारी मंडळं, माजी पदाधिकारी, सगळ्यांना ती लेटरहेडवर हवी असते. राजमुद्रेच्या गैरवापराला मनाई करणारा कायदा २००५ पासून आहे आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे. समोरच्याला हे सरकारी पत्र आहे असं वाटावं म्हणूनच ती छापायची असते, आणि कायदा नेमकं तेच रोखतो.

नवं छापायला टाकताना

माझे वडील ट्रेडल मशीनवर काम करायचे. खिळा खिळा जुळवून लेटरहेडचं नाव बसवायचे. जागा कमी असायची, म्हणून जेवढं लागतं तेवढंच छापलं जायचं. आता रंग आणि चित्रं फुकट वाटतात आणि वरचा मथळा सात-आठ सेंटिमीटर खाली उतरतो. पत्राला उरतं अर्धं पान. मथळा चार सेंटिमीटरच्या आत बसवा असं प्रेसवाल्या दादांना आधीच सांगा. मजकुराच्या मागे मोठा फिकट लोगो नको, झेरॉक्समध्ये तो गडद होतो आणि अक्षरं बुडतात. 'जा.क्र.' आणि 'दिनांक' छापून घेऊ नका. टाइप केलेला आकडा छापील टिंबांवर कधीच नीट बसत नाही. कागद ८० ते १०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) पुरे, त्याहून जाड कागद साध्या प्रिंटरमध्ये अडकू शकतो. संचालकांची, विश्वस्तांची नावं छापणार असाल तर मोजकेच कागद काढा, कारण कार्यकारिणी बदलली की सगळा गठ्ठा निकामी होतो.

प्रूफ आलं की ते घाईत डोळ्यांखालून घालू नका. आपलंच नाव आणि पत्ता रोजच्या सवयीने बरोबर वाचला जातो, चुकीचा छापलेला असला तरी. दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही नोंदणीचे कागद समोर धरून ऐका. ईमेलच्या पत्त्यावर खरोखर एक मेल पाठवा. मोबाइल नंबर प्रूफावर बघून डायल करा, फोनमध्ये साठवलेल्या नावावरून नको. तुमच्या खिशातला फोन वाजला की मग छपाईला होकार द्या.